गावाबाहेर मेलेल्या माणसाची नोंद गावात परत येऊ द्या

प्रति,
मा. मुख्य निबंधक, जन्म-मृत्यू, महाराष्ट्र राज्य
तसेच राज्यातल्या सर्व ग्रामपंचायतींचे निबंधक

विषय : कोरोनाच्या साथीत नोंदीतून सुटलेली माणसं आणि पुढची साथ येण्यापूर्वी करायची दुरुस्ती

महोदय,

एकतीस वर्षं मी ग्रामसेवक म्हणून काम केलं. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. माझी शेवटची नेमणूक सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात होती. कोरोनाची दोन्ही वर्षं मी तिथंच काढली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ती घरं अजून तिथंच नांदताहेत आणि नाव छापायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतलेली नाही.

लोक ग्रामसेवकाला ओळखतात ते घरपट्टीसाठी, घरकुलाच्या यादीसाठी आणि पाण्याची मोटर जळाली की. पण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं तो त्या गावचा निबंधकही असतो. गावात कुणी मेलं की एकवीस दिवसांच्या आत नमुना २ भरायचा, नाव, वय, तारीख, ठिकाण आणि मृत्यूचं कारण लिहायचं, आणि मागतील त्यांना दाखला द्यायचा. कारकुनी काम आहे. मीही इतकी वर्षं ते कारकुनासारखंच केलं. माझ्या हातातल्या कागदाची किंमत मला एप्रिल आणि मे २०२१ या दोन महिन्यांत कळली. तेव्हा जे कळलं ते आपल्यापर्यंत पोचवावं म्हणून हे पत्र.

त्या एप्रिलमध्ये गावातला पहिला माणूस रुग्णवाहिकेतून गेला तो पंचेचाळिशीचा होता. दुधाचं संकलन करायचा. तेव्हा गावात कुणाची चौकशी करायची तर 'ताप किती' असं कुणी विचारत नव्हतं, 'स्कोअर किती' असं विचारत होते. छातीचं सीटी स्कॅन काढलं की पंचविसापैकी आकडा यायचा आणि सगळ्या भावकीला तो पाठ असायचा. याचा अठरा होता. तालुक्याला खाट मिळाली नाही, जिल्ह्याच्या गावी मिळाली, सहाव्या दिवशी तो गेला. प्लॅस्टिकात गुंडाळलेला देह तिथल्याच स्मशानात पालिकेच्या कामगारांनी जाळला. थोरल्या भावानं फाटकाबाहेरून हात जोडले. गावात परत आली ती एक पिशवी, त्यात मोबाइल, चष्मा आणि डबा.

त्याचं नाव माझ्या नोंदवहीत नाही. ते असूच शकत नाही, कारण कायद्यानं मृत्यूची नोंद माणूस जिथं मेला तिथं होते. जिथं तो जन्मभर राहिला तिथं होत नाही. साताऱ्याला मेला तर साताऱ्याला, पुण्याच्या जम्बो केंद्रात मेला तर पुणे महापालिकेत. एरवी यात काही बिघडत नाही. एखाददुसरं माणूस बाहेर दवाखान्यात जातं, घरचे तिथून दाखला आणतात, काम भागतं. पण त्या दोन महिन्यांत गावची बहुतेक माणसं बाहेरच गेली, आणि माझ्या वहीत मात्र नेहमीपेक्षा जेमतेम काही ओळी जास्त पडल्या.

पुढे ग्रामसभा भरली तेव्हा सरपंचबाईंनी श्रद्धांजलीसाठी माझ्याकडे नावं मागितली. मी वही उघडली आणि तशीच मिटली. ती वाचून दाखवली असती तर समोर बसलेल्या निम्म्या घरांना वाटलं असतं की आपलं माणूस सरकारदरबारी मेलंच नाही. मग मी, आशाताई आणि पोलीस पाटील अशा तिघांनी वाड्या-वस्त्यांवर पायी फिरून यादी केली. शाळेतल्या मुलाची शंभर पानी वही घेतली होती. तीच यादी खरी आहे, आणि तिला कायद्यानं काहीच किंमत नाही.

जी माणसं घरी मेली, त्यांची नोंद माझ्याकडे आहे. पण कारणाचा रकाना वाचा. 'वार्धक्य', 'हृदयविकार', 'ताप व दम', पुन्हा 'वार्धक्य'. हे सगळं माझ्या हस्ताक्षरात आहे. घरच्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही, पण खरं काय ते विचारण्याचा धीर केला नाही, हे कबूल करतो. एका घरात आठ दिवसांत सासू आणि सून दोघी गेल्या आणि दोघींच्या पुढे मी 'हृदयविकार' लिहिलं. सून चौतीस वर्षांची होती.

घरचे खरं का सांगत नव्हते, हेही आपण समजून घ्यायला हवं. २०२० च्या उन्हाळ्यात गावात पहिला रुग्ण सापडला तेव्हा त्याची आळी बांबू लावून बंद केली होती. त्या घराच्या बायकांना नळावर येऊ दिलं नाही, आणि त्यांचं दूध डेअरीनं आठवडाभर घेतलं नाही. मग दुसऱ्या लाटेत कुणी कशाला सांगेल? सांगून मिळत काय होतं? ना खाट, ना औषध, वर अंत्यविधीला चार खांदेकरी मिळण्याची पंचाईत.

हे आपल्याकडे पहिल्यांदा घडलं असंही नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात गोव्याच्या हडफडे गावचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, आणि पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून रुग्ण शोधू लागले. लोकांनी रुग्ण लपवले, प्रेतं लपवली. नोंद झाली की माणूस छावणीत जातो आणि घरातलं सामान अंगणात जळतं, हे एकदा कळल्यावर दुसरं काय होणार? १८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू झाला. सव्वाशे वर्षांत सूक्ष्मदर्शकं बदलली, लशी आल्या. पण नोंद केली तर आपल्याला त्रासच होईल, ही लोकांची भीती आपण घालवू शकलो नाही.

आता देशाचे आकडे पाहा. हे सरकारचेच आहेत. २०१९ मध्ये देशभरात सुमारे ७६ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये सुमारे ८१ लाख आणि २०२१ मध्ये एक कोटी दोन लाख. म्हणजे एका वर्षात एकवीस लाखांची वाढ. त्याच २०२१ सालात कोरोनाचे अधिकृत मृत्यू सुमारे ३ लाख ३२ हजार. वाढलेले सगळे मृत्यू कोरोनाचेच, असं मी म्हणत नाही. नोंदणी दर वर्षी थोडी सुधारते, आणि आदल्या वर्षी राहिलेल्या काही नोंदी पुढच्या वर्षी होतात. कुणी डायलिसिस चुकल्यानं गेलं, कुणी बाळंतपणात वेळेवर न पोचल्यानं. पण एवढ्या मोठ्या फरकाचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये अंदाज दिला की २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख मृत्यू नेहमीपेक्षा जास्त झाले. आपल्या सरकारनं ती पद्धत अमान्य केली. मी संख्याशास्त्रज्ञ नाही, त्या वादात मी पडत नाही. मला सलतं ते वेगळंच. त्यांना गणिती अंदाज का बांधावे लागले? कारण आपल्या वह्या बोलत नव्हत्या. २०२१ सालच्या नोंदींचा अहवाल प्रसिद्ध झाला मे २०२५ मध्ये. ज्या वर्षी या साथीत देशानं सगळ्यात जास्त माणसं गमावली, त्या वर्षाचा हिशेब चार वर्षांनी लोकांपुढे आला. गावच्या पतसंस्थेलासुद्धा एवढी मुदत मिळत नाही.

महाराष्ट्राच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. जून २०२० मध्ये आपल्या राज्यानं आधी सुटलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी जाहीर केले. त्यातले ८६२ मुंबईचे होते. त्या दिवशी राज्यावर टीका झाली. माझ्या मते तो या सबंध काळातला आपल्या प्रशासनाचा सगळ्यात सरळ दिवस होता. चूक झाली, मोजून काढली, सांगितली. दुसऱ्या लाटेत आम्हा निबंधकांना हे करायला कुणी सांगितलं असतं तर आम्ही केलं असतं. आमच्यापैकी अनेकांकडे शंभर पानी वह्या होत्या.

या नोंदींची गरज कुणाला पडली, तर विधवांना. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनानं मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला पन्नास हजार रुपये द्यायचं ठरलं. दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही म्हणून कुणाला नाकारू नका, असं न्यायालयानं ४ ऑक्टोबर २०२१ रोजी स्पष्ट सांगितलं. चाचणीचा अहवाल आणि तीस दिवसांच्या आतला मृत्यू पुरेसा धरला. राज्यात अधिकृत मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार असताना अर्ज दोन लाखांहून जास्त आले. कुणी म्हणेल की पैशासाठी आले. मी त्या अर्जांसाठी बायकांबरोबर तालुक्याच्या एका कार्यालयात बसलो आहे. त्यांच्याकडे सीटी स्कॅनची पाकिटं होती, औषधांच्या पावत्या होत्या, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी गहाण टाकलेल्या डोरल्याची चिठ्ठी होती. नव्हता तो चाचणीचा अहवाल, कारण त्या आठवड्यात चाचणीचे संच संपले होते. आणि दाखल्यावर माझ्यासारख्यानं लिहिलेलं 'हृदयविकार'. तिथल्या कारकुनानं एका बाईला माझ्यासमोर सांगितलं की तुमच्या नवऱ्याचा कागद कोरोनाचा नाही. ती काही बोलली नाही, माझ्याकडे बघत राहिली. कागदावर सही माझी होती.

हृदय थांबणं हे मरणाचं कारण नव्हे, ते तर मरणच आहे. प्रत्येकाचं हृदय थांबतंच. ते कशानं थांबलं, ते लिहायचं असतं. मे २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं हेच लेखी कळवलं होतं, आणि चाचणी नसली तरी लक्षणांवरून संशयित कोरोना लिहिण्याची सोयही दिली होती. ती मार्गदर्शिका आमच्या गावच्या टपालात कधी आली नाही. देशात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले मृत्यू जेमतेम साडेबावीस टक्के होते. उरलेल्यांचं कारण लिहिणारा माझ्यासारखाच कुणीतरी होता, आणि त्याला त्याचं एक दिवसाचंही शिक्षण मिळालेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट, जी वहीशी रोजचा संबंध असल्याशिवाय कळत नाही. माणूस मेल्यावर घरचे नोंदीला येतात ते दाखला लागतो म्हणून. दाखला लागतो तो सातबाऱ्यावर वारस लावायला, विम्याला, बँकेला, पेन्शनला. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्या दाखल्याची कुणाला गरज नसते. म्हणून जमीनदार म्हातारा आठव्या दिवशी नोंदला जातो, आणि त्याच्या घरी भांडी घासणारी बाई वर्षानुवर्षं मतदारयादीत जिवंत राहते. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृतांमध्ये सुमारे साठ टक्के पुरुष आणि चाळीस टक्के स्त्रिया होत्या. पुरुष काही प्रमाणात जास्त मरतात हे खरं, पण एवढ्या अंतरात न नोंदलेल्या बायाही आहेत, हे मी माझ्या एकतीस वर्षांच्या वह्यांवरून सांगू शकतो. ऊसतोड करणाऱ्या टोळीत फडावर मेलेल्या माणसाचं तर कुठलंच गाव नसतं. फडाच्या गावचा ग्रामसेवक म्हणतो आमचा नव्हे, मूळ गावचा म्हणतो इथं मेला नाही.

मग यातून शिकायचं काय? साथ येते तेव्हा तिची पहिली बातमी प्रयोगशाळेत नसते, ती गावच्या स्मशानात असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट आधी अमरावती, अकोला, यवतमाळकडे उठली. अमरावतीला २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागली. आपल्याकडे ऑक्सिजनसाठी धावाधाव झाली ती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेनं विशाखापट्टणमला निघाले. मधे आठ आठवडे होते. त्या आठ आठवड्यांत राज्यातल्या हजारो नोंदवह्यांत गेल्या वर्षीपेक्षा किती ओळी जास्त पडत होत्या, हे कुणी रोज पाहत असतं तर? सगळं टळलं असतं असा दावा मी करत नाही. पण त्या पहिल्या माणसासाठी तालुक्याला खाट असण्याची शक्यता वाढली असती.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाचंही असंच झालं. देशात किती माणसं गेली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत आहेत. एवढा फरक राहिला, कारण गावोगावची नोंद करणारी माणसंच आजारी पडली होती. खरा धक्का कळला १९२१ च्या जनगणनेत, जेव्हा दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसली. माझी आजी त्या साथीला 'मानमोडी' म्हणायची. तिची दोन भावंडं त्यात गेली, असं ती सांगे. त्यांची नावं मला माहीत नाहीत आणि आता कुठल्याच कागदावर मिळणार नाहीत.

आपल्याकडे माझं मागणं मोठं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू आहे. त्यानं दवाखान्यांना मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र मोफत देणं बंधनकारक केलं आणि देशभरच्या नोंदी एका संगणकीय कोठारात आणल्या. चांगला कायदा आहे. आता त्याच कोठारातून नोंद उलटी गावाकडे येऊ द्या. नमुन्यात मृताचा कायमचा पत्ता लिहिलेला असतोच. पुण्यात किंवा मुंबईत एखादी नोंद झाली की त्या पत्त्याच्या ग्रामपंचायतीला ती आपोआप दिसावी. कायदेशीर नोंद जिथली तिथंच राहू द्या, गावाच्या वहीत फक्त एक पुरवणी पान असू द्या, 'गावचे, पण गावाबाहेर वारलेले'. सरपंचाला, आशाताईला, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकच आकडा कळावा. या महिन्यात आपल्या गावची किती माणसं गेली आणि गेल्या पाच वर्षांत याच महिन्यात सरासरी किती गेली होती. नावं फलकावर लावायची गरज नाही, आकडा लावा.

घरी मेलेल्यांचं कारण ठरवायला आरोग्यसेविकेला घरी पाठवा. घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारून कारण काढण्याची पद्धत आपल्या राज्याला नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच माणसांना शिकवून बालमृत्यूंची अशी नोंद केली, आणि सरकारी कागदावर नसलेली बाळं मोजली गेली तेव्हा कुठे राज्याला जाग आली. आजही पंधरा ते एकोणपन्नास वयाची बाई मेली की आशाताई चोवीस तासांत कळवते, कारण ते माता-मृत्यूच्या तपासात लागतं. तेच प्रत्येक मृत्यूला लागू करा आणि त्याचा मोबदला तिला वेळेवर द्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. आमच्या आशाताईनं तो पुरस्कार मोबाइलवर पाहिला. तिचा त्या वर्षातला कोरोना भत्ता तेव्हाही थकलेला होता.

माझ्या जागी आता काम करणाऱ्या बंधू-भगिनींनो, तुम्हालाही दोन शब्द. कारणाच्या रकान्यापुढे पेन ठेवताना घाई करू नका. दहाव्याला जा, बसा, चहा घ्या, मग विचारा. लोक सांगतात. मी नंतर गेलो तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, ताप कधी आला, वास कधी गेला, कोणत्या दिवशी ओठ निळे पडले. त्यांना सांगायचंच होतं. आणि जे सांगतील त्यापायी त्यांच्या घरावर बांबू लागणार नाहीत, नळ बंद होणार नाही, याची जबाबदारी ग्रामपंचायतीनं ठराव करून घ्यायला हवी. नाहीतर पुढच्या वेळीही तुमच्या वहीत वार्धक्यच येईल.

आमच्या गावची यादी मी आपल्या कार्यालयाला टपालानं पाठवतो आहे. त्यात नावं आहेत म्हणून इथं छापलेली नाही. प्रत्येक नावापुढे मृत्यूची तारीख, ठिकाण आणि घरच्यांनी सांगितलेली लक्षणं आहेत. तिघांची सही खाली आहे. त्यातल्या शेवटच्या नावाची कुठेच नोंद नाही. ती घरीच गेली, मे महिन्यात, रात्री. तिला मूलबाळ नव्हतं, जमीन नव्हती, दाखला मागायला कुणी आलं नाही. वर्ष उलटून गेल्यामुळे आता दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागेल. त्यासाठी अर्ज कुणी करायचा तेवढं कळवावं, मी करायला तयार आहे. वयाचा रकाना भरण्यासाठी शेजाऱ्यांना विचारलं तर कुणालाच नक्की सांगता आलं नाही. म्हणून त्यांनी जे सांगितलं तेच तिथं लिहिलं आहे : बहात्तरच्या दुष्काळात लग्न होऊन आलेली.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रामसेवक,
जिल्हा सातारा